सोळा मिनिटं

बासष्टावी रेघ धाकट्याने फळ्यावर इतक्या जोरात ओढली की खडूचे दोन तुकडे झाले. झाले तर झाले! शेजारच्या रकान्यात थोरल्याच्या एकसष्ट रेघा होत्या आणि महिना आज संपत होता. त्याने दोन्हीकडच्या रेघा पुन्हा एकदा मोजून घेतल्या. थोरल्याच्या जरा जास्तच सावकाश मोजल्या.

थोरला आणि धाकटा हे काही भाऊ नव्हेत. साडू. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे आणि वर नशिबाने एकाच लिफ्टच्या कंपनीत दुरुस्तीचे मिस्त्री. सासरी एक थोरले जावई, एक धाकटे जावई. ते कुठूनसं ऑफिसात कळलं आणि तिथेही तीच नावं चिकटली. याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत धाकट्याने स्वतःच्या मनाने काही केलं असेल तर शपथ! थोरल्याने दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं, याने हट्टाने तिसऱ्या मजल्यावर घेतलं. थोरल्याने मुलीला पोहायला घातलं, याच्या मुलीला पाणी बघून रडू यायचं, तरी तिला घातलं. थोरल्याला चष्मा लागला तेव्हा हा गडी डोळे तपासून आला आणि नंबर निघाला नाही म्हणून दोन दिवस घुश्शात होता. सासूबाईंच्या जिभेला तर हाडच नव्हतं. "थोरल्यांचं कसं, काम करतील पण बोलून दाखवणार नाहीत," एवढं एक वाक्य त्या भाजी निवडता निवडता बोलायच्या आणि इकडे धाकट्याला आठ दिवस अन्न गोड लागायचं नाही.

त्यात साहेबांनी तो फळा लावला. बंद पडलेली लिफ्ट चालू केली की एक कॉल पूर्ण, आणि एका कॉलची एक रेघ. जुने मुख्य मिस्त्री निवृत्त होणार होते, त्यांच्या जागी ज्याच्या रेघा जास्त तो. म्हणजे धाकटा जिंकला तर थोरल्याने रोज सकाळी कामाचा कागद याच्या हातून घ्यायचा. आणि थोरला जिंकला तर? तो विचार धाकटा करतच नसे. महिनाभर त्याने दुपारचा डबा कधी उभ्याने खाल्ला होता, कधी खाल्लाच नव्हता.

तर रेघ ओढून, हात झटकून, स्वारी शीळ घालत आपल्या कपाटाशी आली. कपाटाच्या दाराला आतून तीन खिळे होते.

लिफ्टचा कुठलाही दरवाजा उघडा असला की लिफ्ट जागची हलत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून तर लोक खाली उभे राहून "अहो, वरचं दार लावा होऽ" म्हणून बोंबलत असतात. आता या दरवाज्याचा स्विच बिघडला, की दार बंद असूनही लिफ्ट अडून बसते. अशा वेळी मिस्त्री गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन पॅनेलमध्ये लाल वायरीचा वीतभर तुकडा जोडतो. त्याला जंपर म्हणतात. जंपर लावला की लिफ्टला वाटतं, सगळी दारं बंद आहेत. मग ती चालवून बघायची, दोष कुठल्या मजल्यावर आहे तो शोधायचा, दुरुस्त करायचा, आणि जंपर काढून घ्यायचा. काढायचाच! राहिला तर एखादं दार सताड उघडं राहील, लिफ्ट खुशाल निघून जाईल, आणि दारात उरेल नुसता खड्डा. म्हणून प्रत्येक मिस्त्रीला मोजून तीन जंपर, आणि ऑफिसात परतला की त्याने ते तीन खिळ्यांना टांगायचे, असा कंपनीचा नियम होता.

धाकट्याने एक टांगला. दुसरा टांगला. तिसऱ्यासाठी पिशवीत हात घातला आणि हात रिकामा बाहेर आला.

त्याने पिशवी टेबलावर उपडी केली. पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी, ग्रीसची डबी, डब्याचा चमचा. खिसे उलटे केले. पुन्हा पिशवी झटकली. लाल वायर काही नव्हती, आणि ती का नाही हे त्याला तोवर कळलं होतं.

डोळ्यांच्या दवाखान्याची इमारत. शेवटचा कॉल. पाच मजल्यांची जुनी लिफ्ट, जाळीचे ओढायचे दरवाजे. त्याने जंपर लावला, लिफ्ट चालली, आता खाली उतरून एकेका मजल्याचा स्विच बघायचा होता, तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसातल्या फोनवाल्या बाईंचा निरोप होता: 'थोरल्यांचा एकसष्टावा झाला. तुमचे किती?' झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. लिफ्ट चालतेय ना? चालतेय. मग झाला कॉल पूर्ण. त्याने पॅनेलचं झाकण लावलं, मशीनरूमला कुलूप घातलं, वॉचमनची सही घेतली आणि सुटला. दुरुस्त काहीच केलं नव्हतं. जंपर आत तसाच होता.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, दुपारी बंद असतो. साडेतीनला उघडतो आणि उघडल्या उघडल्या रांगेतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांत औषध घालायला लागतात. तासभर त्यांना पुढचं धड दिसत नाही. भिंतीला हात लावत लावत लिफ्टपाशी येतात.

साहेब पाच पावलांवर, काचेच्या केबिनमध्ये बसले होते. त्यांना जाऊन सांगायचं होतं, एवढंच. पण जंपर विसरलेला मिस्त्री आणि मुख्य मिस्त्री! रेघ तर पुसली जाईलच, आणि संध्याकाळपर्यंत बातमी सासरी पोचेल. थोरला काही बोलणार नाही. नुसता बघेल. त्या बघण्यापेक्षा मेलेलं बरं. अळीमिळी गुपचिळी, धाकटा मनाशी म्हणाला, पंधरा मिनिटांचा तर रस्ता. जायचं, काढायचा, यायचं.

त्याने स्कूटर काढली.

चालवता चालवता त्याने वॉचमनला फोन लावला. बंद. दवाखान्याला लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुढे चौकात पाइप टाकायला रस्ता खणला होता आणि गाड्यांची ही रांग! पुढे ट्रक, मागे बस, बाजूला मातीचा ढीग. स्कूटर काढायलाही जागा नाही. त्याने हॉर्न वाजवला. ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "उडून जाऊ का?"

तीन सव्वीस. साडेतीन. घामाने शर्ट पाठीला चिकटला. उघडला दवाखाना. आता बाई ड्रॉप घालत असतील. आता पहिला माणूस उठला असेल. नाही, पहिल्याला दहा मिनिटं डोळे मिटून बसवतात. दहा मिनिटं आहेत. आहेत ना?

आणि आता खरी लाजिरवाणी गोष्ट सांगतो. या सगळ्या वेळात थोरला नेमका कुठे आहे हे धाकट्याला माहीत होतं. थोरल्याचा आजचा कामाचा कागद त्याला स्वतःच्या कागदापेक्षा जास्त पाठ होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही तर अकरा वर्षांची सवय! तीन वाजल्यापासून थोरला वाचनालयाच्या लिफ्टवर. वाचनालय म्हणजे दवाखान्याची मागची गल्ली, चालत तीन मिनिटं. एक फोन केला असता तर थोरला तीन चोवीसलाच तिथे उभा असता. हे धाकट्याला कपाटापाशीच सुचलं होतं. सुचलं आणि त्याने ते बाजूला सारलं.

ट्रक दोन हात पुढे सरकला आणि थांबला. तीन तेहतीस. दवाखान्याचा फोन आता सारखा एंगेज लागत होता. ज्याला हे सांगायचं नव्हतं तो सोडून जगात कुणालाही फोन करायला तो तयार होता, आणि दुसरं कुणी नव्हतंच. त्याने फोन हातात घेतला, खिशात ठेवला. पुन्हा घेतला. डोळ्यांपुढे एक माणूस आला, चेहरा नसलेला, एक हात भिंतीला आणि एक पाय पुढे टाकलेला.

तीन छत्तीसला त्याने थोरल्याचा नंबर दाबला.

"बोला साडूभाऊ," थोरला म्हणाला. आवाजात साखर. "बासष्ट झाले म्हणे. अभिनंदन. पण दिवस अजून संपला नाही बरं का."

"भाऊ, जंपर राहिला."

"काय?"

"डोळ्यांच्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये माझा जंपर राहिला. लिफ्ट चालू आहे. मी चौकात अडकलोय. भाऊ, तुम्ही—"

पलीकडे हातातलं काहीतरी धाडकन खाली पडलं. "दवाखाना उघडला?"

"साडेतीनला."

थोरल्याने एक शिवी दिली. अकरा वर्षांत धाकट्याने त्याच्या तोंडून ऐकलेली ती पहिली शिवी. मग फोन बंद न करता त्याने तो खिशात कोंबला असावा, कारण नुसती धाप ऐकू यायला लागली. जिने उतरल्याचा आवाज, रस्ता, कुणाचं तरी "अहो काका, बघून!" धाकट्याने फोन कानाला इतका दाबला होता की कान दुखायला लागला. थोरला बावन्न वर्षांचा. गुडघ्याचं दुखणं. धावतोय.

मग आवाज घुमायला लागला, म्हणजे इमारतीत शिरला. "लिफ्ट कुठंय? लिफ्ट कशी चालतेय?"

"एकदम झकास!" वॉचमनचा आवाज. "तुमच्या माणसाने काय केलं कोण जाणे. पूर्वी बोंबलून घसा सुकायचा. आता कुणी दार लावलं नाही तरी येते!"

धाकट्याने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

"कुणाला आत जाऊ देऊ नकोस. इथे उभा राहा. मशीनरूमची किल्ली दे, मेन स्विच पाडतो."

"किल्ली कुठे माझ्याकडे? तो दुपारचा मिस्त्री घेऊन गेला की."

धाकट्याचा हात आपोआप पँटच्या मागच्या खिशात गेला. किल्ली तिथेच होती, पुठ्ठ्याच्या बिल्ल्यासकट.

"भाऊ!" तो फोनमध्ये ओरडला. "किल्ली माझ्याकडे आहे!" पण थोरल्याच्या खिशात ते कुणाला ऐकू येणार? पावलं जिना चढत होती. पहिला मजला. "दार उघडू नका! कुणीही लिफ्टचं दार उघडू नका!" दुसरा. धाप आता शिट्टीसारखी वाजत होती. आणि मग थोरला घसा फाडून ओरडला. "थांबाऽ! आजीऽ!"

काहीतरी आपटलं. फोन बंद झाला.

धाकट्याने स्कूटर तिथेच मातीच्या ढिगाला टेकवली आणि पळत सुटला. कुणी मागून शिव्या घातल्या त्या त्याला ऐकूही आल्या नाहीत. तो देवाशी बोलत होता. देवा, फळा नको. ते पद नको. थोरल्याला दे, त्याच्या सगळ्या वंशाला दे, पण ती आजी वाचू दे. इतकी वर्षं त्याने देवाजवळ थोरल्यापेक्षा जरासं जास्त काहीतरी मागितलं होतं; थोरल्यासाठी मागण्याची ही पहिलीच वेळ.

धापा टाकत तो तिसऱ्या मजल्यावर पोचला. लिफ्टच्या दाराला पाठ लावून थोरला जमिनीवर बसला होता, पाय लांब पसरून. चष्मा एका कानावर लटकलेला. त्याने एका म्हातारीचं मनगट घट्ट धरलं होतं आणि ती उभ्या उभ्या त्याची खरडपट्टी काढत होती.

"सोडा म्हणते ना! किती वेळ झाला, सोडतच नाही मेला माणूस! अहो, तुम्ही कोण आलात? यांना सांगा जरा. मला चार वाजता घरी पोचायचंय."

"आजी," थोरला म्हणाला, "मघाशी तुम्ही पाय कुठे टाकत होतात ठाऊक आहे का?"

"लिफ्टमध्ये! आणखी कुठे?"

लिफ्ट पाचव्या मजल्यावर होती. दार कुणीतरी उघडं टाकून ती वर नेली होती. थोरल्याने ते लावलं होतं, पण नुसतं ओढलं की उघडत होतं, म्हणून तो त्याला पाठ लावून बसला होता. दवाखान्याच्या दारातून आणखी दोघं डोळे चोळत बाहेर आले होते आणि काय भानगड आहे म्हणून बघत होते. बघत म्हणजे काय, त्यांना दिसत कुठे होतं!

"किल्ली," थोरला एवढंच म्हणाला.

धाकटा वर गेला. कुलूप उघडायला तीन वेळा किल्ली लावावी लागली. मेन पाडला. झाकण काढलं. लाल वायर होती तिथेच होती, नीट, घट्ट बसवलेली. हात चांगलाच होता त्याचा, त्यात काही वाद नाही. त्याने ती उपसून काढली आणि तिथेच भिंतीला डोकं टेकून रडला.

खाली येऊन त्याने लिफ्टवर 'बंद आहे' ची पाटी अडकवली. मग म्हातारीपाशी जाऊन तो म्हणाला, "आजी, यांनी तुम्हाला वाचवलं. चूक माझी होती. लिफ्ट मी बिघडवून ठेवली होती."

म्हातारीने डोळे बारीक करून आधी याच्याकडे, मग त्याच्याकडे बघितलं. "आत्ता मला तुम्ही दोघं सारखेच दिसताय," ती म्हणाली. "जो कोणी असेल त्याने मला जिना उतरवून द्या."

दोघांनी तिला दोन बाजूंनी धरून खाली नेलं. वाटेत तिने आपल्या सुनेबद्दल बरंच सांगितलं.

ती रिक्षात बसून गेली आणि थोरला फाटकापाशी कठड्यावर बसला. गुडघा चोळत म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही."

"का?"

"का म्हणजे? मी साहेबांना सांगितलं तर सगळे म्हणतील, पदासाठी साडूचा गळा कापला. घरी तुझी ताई मला उभं करणार नाही." त्याने चष्मा शर्टाला पुसला. "मला सांगताच येत नाही. तुला हवं तर तू सांग, नाहीतर नको. वायर तुझ्या हातात आहे."

स्वतःच्या बायकोला 'तुझी ताई' म्हणणारा हा माणूस आपल्यासारखाच अडकलेला आहे, हे धाकट्याला पहिल्यांदाच कळलं. आणि खरं सांगायचं तर एक क्षण मोह झाला त्याला. का होऊ नये? बासष्ट रेघा फळ्यावर होत्या. कुणाला इजा नाही. कुणी बोलणार नाही. पण ते पद घेऊन रोज सकाळी याच माणसाच्या हातात कामाचा कागद ठेवायचा, आणि याने तो मुकाट्याने घ्यायचा? आता ते त्याला नको होतं. इतके दिवस हेच तर हवं होतं!

साहेबांच्या केबिनमध्ये दोघं उभे राहिले. धाकट्याने सगळं सांगितलं. जंपर, निरोप, न केलेली दुरुस्ती, किल्ली. साहेब लिहून घेत होते. मध्येच त्यांनी पेन थांबवलं.

"तुला कळलं किती वाजता?"

"तीन वीसला."

"थोरल्यांना फोन?"

"तीन छत्तीसला."

"हे तिथून तीन मिनिटांवर होते. मग सोळा मिनिटं काय करत होतास?"

वायरीची चूक सांगणं सोपं होतं. वायर कुणीही विसरेल. धाकट्याने मान खाली घातली, आणि मग वाटलं की हे खाली बघून सांगण्यासारखं नाही. त्याने मान वर केली आणि साहेबांकडे नाही, थोरल्याकडे बघून सांगितलं.

"यांना कळू नये म्हणून थांबलो. कुणी मेलं असतं तरी चाललं असतं, असं नाही. पण यांना कळू नये, हे मला जास्त वाटत होतं. सोळा मिनिटं वाटत होतं."

पेन पुन्हा चालू लागलं.

साहेबांनी कागद पुरा केला. धाकट्याला तीन महिने एकट्याने काम नाही. मुख्य मिस्त्रीच्या हाताखाली, त्यांच्यासोबत जायचं. मुख्य मिस्त्री उद्यापासून थोरले. सही कर. धाकट्याने सही केली. त्याला वाटलं होतं, काळजात काहीतरी तुटेल. त्याला कडकडून भूक लागली होती, बाकी काही नाही.

बाहेर ऑफिसच्या फाटकापाशी थोरला थांबला होता. नवं पद मिळालेल्या माणसाचं तोंड असं असतं का? चांगलंच उतरलं होतं.

"एक सांगू?" तो म्हणाला. "कुणाला बोलणार नाहीस?"

"बोला ना भाऊ."

"माझा जंपर राहिला असता ना, तर मी तुला फोन केला नसता." त्याने गुडघ्यावर थाप मारली. "सोळा मिनिटांनी नाही, तासाने नाही. धावत गेलो असतो या गुडघ्यावर. उशीर झाला असता तर झाला असता. पण तुला केला नसता. मघापासून हेच डोक्यात आहे माझ्या."

अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते थोरल्याने आपल्या हाताने पुढे ठेवलं होतं. या एका बाबतीत आपण वरचढ! त्याने कबूल केलं, स्वतःच्या तोंडाने! आत कुठेतरी खडू उचललासुद्धा गेला, खोटं कशाला बोलू.

"केला असतात हो," धाकटा म्हणाला. "चला, माझी स्कूटर चौकात पडलीय. आणि आधी कुठेतरी काहीतरी खाऊ या, सकाळपासून पोटात काही नाही."

"माझ्याही," थोरला म्हणाला.